न पाहिलेल्या रुग्णाचे ऋण

रुग्णालयातील ग्रंथपालाचे काम नेमके काय असते, असे आपल्या धर्मग्रामातील कुटुंबांना विचारले तर बहुतेकांना उत्तर देता येणार नाही. डॉक्टर ठाऊक असतात, परिचारिका ठाऊक असतात, औषधांच्या खिडकीमागचा मनुष्य तर नावानिशी ठाऊक असतो. ग्रंथपालाचे तसे नाही. मोठ्या रुग्णालयाच्या कुठल्या तरी मजल्यावर, बहुधा जिन्याच्या टोकाला, एक खोली असते. तेथे जाड पुठ्ठ्याचे ग्रंथ आणि वर्षावर्षाने बांधून ठेवलेली नियतकालिके असतात, अलीकडे दोन-तीन संगणकही असतात. त्या खोलीत बसणाऱ्या व्यक्तीचा खाली खाटेवर पडलेल्या रोग्याशी काही संबंध असेल, हे आपल्या मनातही येत नाही.

एका धर्मादाय रुग्णालयात हे काम करणारी आमच्या परिचयाची एक भगिनी आहे. आरोग्य-ग्रंथपालांच्या एका आंतरराष्ट्रीय परिषदेचे निमंत्रण तिला आले. विश्वस्त निम्मा खर्च द्यावयास तयार होते. उरलेला तिने आपल्या साठवणुकीतून करावयाचा होता. 'फादर, मी जाणे योग्य होईल का?' असे तिने आम्हांस विचारले. प्रश्न केवळ पैशांचा असता तर उत्तर सोपे होते. परंतु विश्वस्तांपैकी एका सद्गृहस्थांनी तिला ऐकवले होते की, एवढ्या रकमेत कितीतरी गरिबांचे डायलिसिस होऊ शकेल. ते वाक्य तिच्या मनाला लागून राहिले होते. एखाद्या शल्यविशारदाला असे कोणी ऐकवले नसते, हेही तिच्या लक्षात आले असणार. मात्र ती तसे बोलली नाही. तिच्या वतीने ते आम्ही येथे नोंदवून ठेवतो.

अशा परिषदा ही आजची टूम नव्हे. वैद्यकीय ग्रंथपालांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद १९५३ साली लंडन येथे भरली. पुढे वॉशिंग्टन, ॲमस्टरडॅम, बेलग्रेड, टोकियो अशी फिरत फिरत ती १९९० साली आपल्या नवी दिल्लीतही येऊन गेली. त्यानंतरच्या परिषदांपैकी २००५ ची ब्राझीलमधील साल्वादोर येथे, २००९ ची ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे, २०१३ ची बोस्टन येथे आणि २०१७ ची डब्लिन येथे झाली. मूळ शोधू गेल्यास आणखी मागे जावे लागते. १८९८ च्या मे महिन्यात अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी चार ग्रंथपाल आणि चार डॉक्टर एका वैद्यकीय नियतकालिकाच्या कचेरीत जमले आणि त्यांनी आपली संघटना स्थापन केली. आपल्याकडे जादा असलेले अंक दुसऱ्या ग्रंथालयास द्यावयाचे आणि आपल्याकडे नसलेले त्याच्याकडून घ्यावयाचे, हा त्यांचा एक प्रमुख उद्देश होता. शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी आणि तिला कधी चार अंडी द्यावी, इतका साधा तो व्यवहार.

परिषदेत चालते तरी काय? मुख्य दिवसांच्या आधी लहान लहान प्रशिक्षणवर्ग होतात. मग निबंध वाचले जातात. एका सभागृहात भित्तिपत्रके लावलेली असतात आणि त्यांचे कर्ते त्यांपुढे उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या शंकांना उत्तरे देतात. कोणता माहितीकोश कोठे अपुरा पडतो, एखाद्या प्रश्नावरचे सर्व लेख हाती लागावेत यासाठी शोध कसा रचावा, वर्गणीस पैसा नसलेले ग्रंथालय कसे चालवावे, हे तेथील विषय. ज्या संभाषणासाठी माणसे खरे पाहता समुद्र ओलांडतात ते मात्र चहाच्या वेळी होते. तो चहा बहुधा शेजारच्या प्रदर्शन-दालनात मिळतो. तेथे मोठमोठे प्रकाशक आणि माहितीकोशांचे विक्रेते आपापली दुकाने मांडून बसलेले असतात. वर्षभर ज्यांच्याशी वर्गणीच्या दरावरून घासाघीस करावयाची त्यांचाच चहा प्यावयाचा आणि त्यांच्याच नावाची पिशवी खांद्याला अडकवून घरी यावयाचे! यात लगेच पाप आहे असे आम्ही म्हणणार नाही. चहा कोणाचा आहे एवढे ठाऊक असलेले बरे.

आता विश्वस्तांच्या आक्षेपाकडे वळू. गरिबांच्या नावाने विचारलेला प्रश्न नेहमी गरिबांसाठीच विचारलेला असतो असे नाही. तरीही तो ज्याने विचारला त्याच्या हेतूची चौकशी न करता प्रश्नाला उत्तर दिले पाहिजे. डायलिसिसच्या खाटेवरील रोगी आपल्याला दिसतो. त्याचे नाव आपल्याला माहीत असते, त्याची पत्नी बाहेर बाकावर बसलेली असते. त्याच्यासाठी खर्च केलेला रुपया कोठे गेला हे दाखविता येते. ग्रंथपालाच्या कामाचा रोगी दिसत नाही. तिने काढून दिलेला लेख डॉक्टर वाचतात, त्यावरून एखादे औषध देतात किंवा देत नाहीत, आणि घरी परतणाऱ्या रोग्याला आपण कशामुळे वाचलो हे कधीच कळत नाही. करुणा ही डोळ्यांवाटे येते. त्यामुळे जे दिसत नाही तेथे ती पोहोचत नाही. परंतु नीतीचा प्रांत करुणेच्या प्रांताहून मोठा आहे. त्यासाठी दोन घडलेल्या गोष्टी सांगणे आम्हांस आवश्यक वाटते.

पहिली अमेरिकेतील बाल्टिमोर शहरची. तेथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दम्याविषयी एक प्रयोग चालू होता. निरोगी माणसाच्या श्वासनलिका कशा मोकळ्या राहतात, हे त्यांना समजून घ्यावयाचे होते. त्यासाठी निरोगी स्वयंसेवकांना हेक्सामेथोनियम नावाचे एक जुने औषध श्वासावाटे देण्यात येत असे. एलेन रोश ही २४ वर्षांची तरुणी त्या विद्यापीठाच्याच दमा-केंद्रात तंत्रज्ञ होती. प्रयोगात भाग घेणारी ती तिसरी व्यक्ती. २००१ च्या मे महिन्याच्या आरंभी तिने ते औषध हुंगले. तिला खोकला लागला, मग फुप्फुसे निकामी होत गेली आणि २ जूनला ती मरण पावली. लक्षात घ्यावे की ती रोगी नव्हती. इतरांचा दमा बरा व्हावा म्हणून तिने आपला श्वास उसना दिला होता.

पुढे चौकशी झाली. प्रयोग करणाऱ्या डॉक्टरांनी आधी शोध घेतला होता. प्रचलित पाठ्यपुस्तके त्यांनी पाहिली होती आणि पबमेड ही संगणकावरील सूचीही पाहिली होती. परंतु त्या काळी ही सूची मुख्यतः १९६६ पासून पुढच्या लेखांची होती. या औषधाने फुप्फुसांना इजा होते असे दाखविणारे लेख १९५० च्या दशकात छापले गेले होते. बातमी पसरताच ग्रंथपालांनी ते शोधून काढले. ते कोणी लपविलेले नव्हते. छापील सूचींच्या जाड खंडांत त्यांची नोंद होती; एखाद्याने उठून फळीवरील ते खंड उघडावयास हवे होते. केवळ अपुऱ्या शोधामुळे ती मरण पावली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. संमतिपत्रात सांगावयाच्या काही गोष्टी सांगितलेल्या नव्हत्या, परवानगी देणाऱ्या समितीकडूनही कसूर झाली होती. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये सरकारने त्या विद्यापीठातील, सरकारी पैशांवर चालणारे आणि माणसांवर होणारे जवळजवळ सर्व संशोधन काही दिवस थांबविले. नंतरच्या वर्षांत ती सूची मागे मागे नेण्यात आली आणि आता ती १९४६ पर्यंत पोहोचली आहे.

दुसरी गोष्ट एका व्यक्तीची नाही, हजारो अर्भकांची आहे. अपुऱ्या दिवसांचे मूल जन्मते तेव्हा त्याची फुप्फुसे पुरती तयार झालेली नसतात. प्रसूती लवकर होणार असे दिसताच आईला स्टेरॉइडची थोडी इंजेक्शने दिल्यास मूल वाचण्याची शक्यता बरीच वाढते. औषध स्वस्त, उपाय थोड्या दिवसांचा. या उपायाची पहिली मोठी चाचणी १९७२ साली प्रसिद्ध झाली. पुढे आणखी चाचण्या झाल्या. काही मोठ्या, काही लहान. एकेकटी वाचली तर कोणतीही निर्णायक वाटू नये अशी. त्या वेगवेगळ्या देशांतील वेगवेगळ्या नियतकालिकांत पडून राहिल्या. सर्व एकत्र मांडून हिशेब करणारा आढावा १९८९ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा मृत्यूचे प्रमाण तीस ते पन्नास टक्क्यांनी घटते असे दिसले. मधल्या वर्षांत बहुसंख्य प्रसूतितज्ज्ञांना हे ठाऊक नव्हते आणि त्यामुळे हजारो बालके विनाकारण दगावली.

आर्ची कॉक्रन नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांनी १९७९ साली आपल्या व्यवसायबंधूंना याच दोषाबद्दल बोल लावला होता. आपल्या शास्त्रातील सर्व चाचण्या एकत्र करून, पारखून, वेळोवेळी त्यांचा सारांश मांडण्याची व्यवस्था आपण केलेली नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ते १९८८ साली वारले. १९९३ साली त्यांच्या नावाने जी जागतिक संघटना उभी राहिली तिच्या बोधचिन्हात त्या अर्भकांच्या सात चाचण्याच रेषांच्या रूपाने दाखविल्या आहेत. मधोमध एक उभी रेषा, तिच्या आसपास सात आडव्या रेषा आणि तळाशी एक लहानसा चौकट आकार. संस्थांची बोधचिन्हे आम्ही पुष्कळ पाहिली आहेत: दिवे, कमळे, उघडी पुस्तके, उडणारी कबुतरे. आपली लाज बोधचिन्हात कोरून ठेवणारी संस्था आम्हांस दुसरी आढळली नाही.

सेमिनरीत असताना नीतिशास्त्राच्या तासाला अज्ञानाचे दोन प्रकार शिकविले जात. एक, जे मनुष्याने कितीही प्रयत्न केला तरी दूर होण्यासारखे नसते. त्यातून घडलेल्या कृत्याचा दोष त्याच्याकडे जात नाही. दुसरे, जे वाजवी प्रयत्नाने दूर करता आले असते. ते निमित्त म्हणून पुढे करता येत नाही. तेव्हा ही विभागणी आम्हांस पाठ्यपुस्तकी वाटत असे. आज वाटते की या दोहोंमधील कुंपण एका जागी रोवलेले नसते, ते सरकते. १८७८ साली खेड्यातल्या डॉक्टराला इतरत्र काय छापले गेले हे कळण्याचा मार्ग नव्हता. १८७९ मध्ये जॉन शॉ बिलिंग्ज यांनी वैद्यकीय लेखांची मासिक सूची सुरू केली, १९९७ मध्ये तिची संगणकावरील वंशज सर्वांना विनामूल्य खुली झाली. प्रत्येक पावलागणिक पहिल्या प्रकारचे काही अज्ञान दुसऱ्या प्रकारात जमा झाले. कुंपण सरकविण्याचे हे काम ग्रंथपालांनी केले आहे. आणि हे काम मोठे कृतघ्न आहे, कारण त्यामुळे डॉक्टरांना सुख लागत नाही, उलट त्यांची जबाबदारी वाढते. 'मला माहीत नव्हते' हे वाक्य त्यांच्या तोंडून ग्रंथपाल काढून घेतो.

त्या सद्गृहस्थांना आमचे उत्तर यातच आले. डायलिसिसच्या खाटेसाठी पैसा जमविणे हे कर्तव्यच आहे. परंतु त्या खाटेवरील रोग्याला योग्य तेच औषध मिळावे ही व्यवस्था त्या खाटेचाच एक पाय आहे. ती सांभाळणाऱ्या व्यक्तीने वर्षानुवर्षे एकटीने, कोणाशी पडताळून न पाहता काम करावे अशी अपेक्षा धरणे हा काटकसरीचा विषय राहत नाही. १९७१ साली अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे गर्ट्रूड लॅम्ब या ग्रंथपाल बाईंनी आपल्या माणसांना डॉक्टरांबरोबर राउंडला पाठविण्यास सुरुवात केली. प्रश्न खाटेशीच ऐकावयाचा आणि उत्तर शोधून आणावयाचे. आपल्याकडे किती रुग्णालयांत ग्रंथपालाने वॉर्डात पाऊल टाकले आहे?

इतके म्हटल्यावर परिषदांचे गुणगान गाऊन थांबता आले असते. परंतु या परिषदांनाच एक प्रश्न विचारावा लागतो, आणि तो २००५ च्या साल्वादोरच्या परिषदेत मोकळेपणाने विचारला गेला. तिचे घोषवाक्यच समतेच्या बांधिलकीचे होते. स्थानही मोठे बोलके होते. साल्वादोर ही ब्राझीलची १७६३ पर्यंतची राजधानी. आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांची जहाजे या बंदराला लागत, आणि जेथे गुलामांना खांबाला बांधून फटके मारीत त्या चौकाला आजही त्या खांबाचेच नाव आहे. ब्राझीलमधील पहिली वैद्यकीय शाळा १८०८ साली येथेच, येशूसंघीयांच्या जुन्या महाविद्यालयाच्या इमारतीत सुरू झाली. वसईच्या किल्ल्यात येशूसंघीयांच्या महाविद्यालयाच्या पडक्या भिंती ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे वाचून काहीतरी वाटल्यावाचून राहणार नाही. एकाच राजसत्तेखाली, एकाच संघाने उभारलेल्या दोन वास्तू. वसई १७३९ मध्ये पोर्तुगीजांच्या हातून गेली आणि तेथे आता वड-पिंपळ आहेत. साल्वादोरला डॉक्टर घडले.

त्या शहरात, त्या परिषदेच्या जोडीने, विकसनशील देशांच्या प्रतिनिधींनी एक जाहीरनामा संमत केला. सार्वजनिक पैशांतून झालेले संशोधन सर्वांना विनाशुल्क वाचावयास मिळाले पाहिजे, प्रसिद्धीचा खर्च हा संशोधनाच्याच खर्चाचा भाग समजावा, आणि गरीब देशांत निर्माण झालेले ज्ञानही जगाच्या ज्ञानभांडारात गणले जावे, असा त्याचा आशय होता. या तिसऱ्या मागणीकडे आम्ही विशेष लक्ष वेधतो. ज्ञान म्हणजे श्रीमंतांनी गरिबांना द्यावयाचे दान, ही समजूत तिने नाकारली. फिलाडेल्फियाच्या त्या आठ जणांची गोष्ट पुन्हा आठवावी: देवाणघेवाणीत दोन्ही बाजूंकडे काहीतरी असावे लागते.

दानाचे काय होते हे आपल्या देशाने अनुभवले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ च्या जानेवारीत सहा मोठ्या प्रकाशकांना बरोबर घेऊन 'हिनारी' नावाची योजना सुरू केली. गरीब देशांतील संस्थांना सुमारे १,५०० वैद्यकीय नियतकालिके विनामूल्य किंवा अल्प मोबदल्यात संगणकावर मिळू लागली. उपक्रम स्तुत्य होता. परंतु भारताचे नाव त्या यादीत नव्हते. आपला देश गरीब खरा, पण मोठी बाजारपेठ! कोट्यवधी गरिबांचा देश हा गरीब देश ठरत नाही, हा हिशेब आम्हांस आजतागायत उलगडलेला नाही. २००७ साली भारताने कॉक्रन संघटनेचे ग्रंथालय राष्ट्रीय वर्गणी भरून सर्व नागरिकांसाठी खुले केले होते, ती गोष्ट गौरवाचीच. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' या योजनेस मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके असा तिचा व्याप आहे. जानेवारी २०२५ पासून ती अमलात आली ती केंद्र व राज्य शासनाच्या उच्च शिक्षणसंस्था आणि केंद्राच्या संशोधनसंस्था यांच्यासाठी. आदिवासी तालुक्यात विश्वस्त निधीवर चालणारे पन्नास खाटांचे रुग्णालय त्या कक्षेबाहेर राहिले. तेथल्या डॉक्टराला लेखाचे शीर्षक दिसते, सारांश दिसतो, आणि पुढे दाम मागणारी चौकट दिसते.

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो आणि तो टाळून पुढे जाणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. कझाकस्तानातील अलेक्झांड्रा एल्बाक्यान या तरुणीने २०११ साली सायहब नावाचे एक संकेतस्थळ सुरू केले. त्यावर दाम मोजून वाचावयाचे लक्षावधी लेख परवानगीशिवाय फुकट मिळत. प्रकाशकांनी २०२० साली दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये ते स्थळ भारतात रोखण्याचा आदेश निघाला. त्या पन्नास खाटांच्या रुग्णालयातील डॉक्टराने रात्री दोन वाजता, समोर विषबाधेचा रोगी असताना, अशा मार्गाने एक लेख मिळविला असेल तर ती चोरी काय?

संत थॉमस अक्विनस यांनी तेराव्या शतकात या प्रश्नाचा विचार भाकरीच्या संदर्भात केला आहे. उघड आणि तातडीची निकड असेल, दुसरा उपाय नसेल, तर मनुष्याने परक्याच्या वस्तूतून आपली गरज भागविणे ही चोरी ठरत नाही, कारण अशा निकडीत वस्तू समाईक होतात, असा त्यांचा निष्कर्ष आहे. आणि दुसऱ्याच्या निकडीसाठीही तसे करता येते असे ते म्हणतात. त्या डॉक्टराला दोषी ठरविण्यास आम्ही धजणार नाही. इतकेच नव्हे, भाकर घेतली तर धन्याची भाकर कमी होते, लेख वाचला तर लेख तेथेच राहतो. प्रकाशकांचा पक्षही ऐकला पाहिजे: संपादन, छाननी, जतन या गोष्टी फुकट होत नाहीत. मात्र लेख लिहिणाऱ्यास आणि तो तपासणाऱ्या विद्वानास बहुधा एक पैसाही मिळत नाही, आणि संशोधनाचा खर्च पुष्कळदा जनतेच्या करातून झालेला असतो, हेही त्याच वहीत लिहावे लागेल.

परंतु निकडीचा न्याय हा रात्री दोन वाजताचा न्याय आहे. तो सकाळी अकरा वाजता, कचेरीत बसून, रोजची सोय म्हणून वापरता येत नाही. अक्विनसची अट 'दुसरा उपाय नसेल तर' अशी आहे, आणि दुसरा उपाय आहे किंवा नाही हे सांगू शकणारी व्यक्ती म्हणजे ग्रंथपाल. लेखकाला पत्र पाठविले तर तो बहुधा आपला लेख आनंदाने धाडतो. पबमेड सेंट्रल या २००० साली सुरू झालेल्या भांडारात पुष्कळ लेख संपूर्ण वाचावयास मिळतात. दुसऱ्या ग्रंथालयाशी देवाणघेवाण असते, पण ती असण्यासाठी दुसऱ्या ग्रंथपालाशी ओळख असावी लागते. परिषदेत जोडलेल्या ओळखीचे मोल तेथे कळते. चोरी आणि उपासमार यांच्या मधल्या वाटा ज्याला ठाऊक आहेत असा मनुष्य जेथे नाही, त्या संस्थेने आपल्या डॉक्टरांना नीतीचे पाठ देऊ नयेत.

माहिती मिळणे हा अर्धाच भाग. २०२० च्या मे महिन्यात लॅन्सेट या प्रख्यात नियतकालिकाने करोनावरील हायड्रॉक्सिक्लोरोक्विनच्या उपचाराविषयी एक लेख छापला. त्यावर विसंबून जागतिक आरोग्य संघटनेने त्या औषधाची आपली चाचणी काही दिवस थांबविली. लेखामागील आकडेवारीचा भरवसा देता येईना, तेव्हा जूनच्या आरंभी तो लेख मागे घेण्यात आला. मागे घेतलेला लेखही कोणाच्या तरी संगणकात, कोणाच्या तरी टाचणांत तसाच राहतो, आणि त्याच्यावर काट मारणारे कोणी नसेल तर वर्षांनी पुन्हा डोके वर काढतो. अलीकडे तर विचारताक्षणी उत्तर देणारी यंत्रे आली आहेत. ती कधी कधी अस्तित्वातच नसलेल्या लेखांची नावे, वर्ष-पृष्ठांकासह, मोठ्या ऐटीत सांगतात. खोटा साक्षीदार पूर्वी न्यायालयातच भेटे.

आणि आता भाषेचा मुद्दा. या परिषदांचे कामकाज इंग्रजीत चालते. साल्वादोरसारख्या ठिकाणी पोर्तुगीज आणि स्पॅनिशही कानी पडते. जगाने कोणत्या तरी भाषेत बोलावेच लागते, त्याबद्दल तक्रार नाही. रुग्णांना अखेरचा अभ्यंगसंस्कार देण्यासाठी रुग्णालयांत जाताना आम्ही नातेवाइकांच्या हातांतील फाइली पाहत आलो आहोत. प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले कागद, इंग्रजीत छापलेले. ते वाचून दाखवा म्हणून धर्मगुरूपुढे धरले जातात. बायोप्सीचा अहवाल म्हणजे काय, या गाठीचा अर्थ काय, घरी नेल्यावर काय खायला द्यायचे, हे त्यांना त्यांच्या मराठीत, सामवेदीत, वारलीत सांगणारे कोणी नसते. मग शेजारी सांगतो, मोबाइलवर आलेला मजकूर सांगतो. डॉक्टरांना वेळ नसतो हे खरे आहे. अचूक माहिती सोप्या मराठीत चार पानांत मांडून ठेवणे हे ग्रंथपालाचे काम का समजले जाऊ नये?

याच कॉक्रन महाशयांनी आपल्या आत्मचरित्रात दुसऱ्या महायुद्धातील एक आठवण लिहिली आहे. ते जर्मनांच्या कैदेत होते आणि कैद्यांवर उपचार करीत. एका रात्री एक तरुण सोव्हिएत कैदी मरणासन्न अवस्थेत त्यांच्याकडे आणला गेला. तो मोठमोठ्याने किंचाळत होता. फुप्फुसांच्या आवरणाची वेदना असावी असे त्यांना वाटले. वेदनाशामक काही नव्हते, ॲस्पिरिनने उपयोग झाला नाही. त्यांना रशियन जेमतेम येत होते, वॉर्डात कोणालाच येत नव्हते. शेवटी ते खाटेवर बसले आणि त्यांनी त्याला मिठीत घेतले. किंचाळणे जवळजवळ लगेच थांबले. काही तासांनी तो शांतपणे गेला. किंचाळण्याचे कारण वेदना नव्हती, एकटेपण होते, असे त्यांनी लिहिले आहे. प्रत्येक उपचाराचा पुरावा मागणाऱ्या मनुष्याच्या हातून हे लिहिले गेले, म्हणून आम्हांस त्याचे मोल अधिक वाटते. मात्र त्या वॉर्डात रशियन जाणणारा एक जण असता तर त्या मुलाने मरण्यापूर्वी काय सांगितले असते, हा विचारही मनातून जात नाही.

पुढच्या कोणत्या तरी परिषदेच्या भित्तिपत्रकांत एक भित्तिपत्रक आपल्याकडचे असावे, अशी आमची इच्छा आहे. वसई-पालघरच्या एखाद्या रुग्णालयाने रोग्यांच्या घरच्यांना त्यांच्या बोलीत माहिती कशी दिली, किती जणांना ती कळली, किती जणांनी ती वाचून औषध वेळेवर घेतले, कोठे फसली, हे त्यावर आकड्यांनिशी मांडलेले असावे. त्यापुढे उभे राहणाऱ्या व्यक्तीचे इंग्रजी अडखळले तरी चालेल. अट एवढीच की, विश्वस्तांनी या वेळी खर्च निम्मा न देता पुरा द्यावा, आणि ती परतल्यावर तिच्याकडून भेटवस्तूंची पिशवी न मागता तिने तेथे काय ऐकले ते सांगण्यासाठी डॉक्टरांच्या बैठकीत तिला एक तास द्यावा.